ठेवता आलं तेवढंच तुझं

पोरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, आणि एकदा रात्री घरी, सगळे झोपल्यावर. वसतिगृहाची फरशी फुटली, वॉर्डनने दंड लावला, हे तू पहिल्या पानावर लिहिलंस. खरं दुखणं मात्र तिसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात आलं: "काका, माझा खरा आकडा कोणता? साडेसत्तेचाळीस की साठ?"

उभ्या सळईच्या जागी, खाली वजन टांगून एका हातानं उचलायला तू जो पाइप घेतलास, आधी त्याचं बघू. ते लवकर संपेल.

तू म्हणतोस, हार्डवेअरच्या दुकानातून दोन इंची जीआय पाइप आणला. पोरा, पाइपाचं 'दोन इंची' हे नुसतं नाव आहे. दोन इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो. दीड इंचीचा ४८.३. आपल्या उभ्या सळईचा व्यास खरा दोन इंच, म्हणजे ५०.८. तू आजवर जे धरत होतास, त्याचा घेर खऱ्या सळईपेक्षा जवळजवळ तीन सेंटिमीटरनं जास्त आहे. तुझा अंगठा तर्जनीपर्यंत पोचत नाही ही तुझी तक्रार, आणि तू दोष देतोस स्वतःच्या आखूड बोटांना! इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, वर्कशॉपमध्ये वर्नियर आहे, आणि पाइप मोजावासा वाटला नाही. याचा मला राग आला. अजूनही आहे.

पण एक गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये थॉमस इंच नावाचा पैलवान होऊन गेला, १८८१ ते १९६३. त्याचं एक डंबेल होतं, १७२ पौंडांचं, म्हणजे साधारण ७८ किलो. वजन फार नाही, पण मूठ जाड, साठ मिलिमीटरच्या आसपास, आणि सगळं एकसंध लोखंड. उचलायला गेलं की ते हातातच फिरतं आणि अंगठा उघडतं. भले भले त्याच्यापुढे हरले. तू नकळत त्या जाडीची मूठ धरून साडेसत्तेचाळीस किलो उचलत होतास. म्हणून तुझे हे सहा महिने वाया गेलेत असं मी मानत नाही.

आता साठाकडे येऊ. पाइपावर सायकलची ट्यूब गुंडाळलीस आणि साठ किलो जमिनीवरून हलले. हलले, गुडघ्यापर्यंत आले, आणि सुटले. फरशी फुटली.

जे ठेवता आलं, तेवढंच उचललं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. बाकीचं पत्र हे उत्तर तुझ्या डोक्यात बसावं म्हणून लिहितोय.

सळई उभी असते म्हणजे काय, ते नीट समजून घे. आपल्या तालमीतली नाल घे, नाहीतर बारबेल घे. त्यांची मूठ आडवी असते. बोटं खालून आकड्यासारखी वळतात आणि वजन त्या आकड्यावर बसतं. १९२० साली लाइपझिगमध्ये हेर्मान गोर्नर या जर्मन पैलवानाने एका हाताने ३३० किलोची डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून उभं राहीपर्यंतची उचल, केल्याचं सांगतात, ती आडव्या बारवरची. उभ्या सळईत बोटांखाली काहीच नसतं. वजन सळईच्या लांबीच्या दिशेनं सरळ खाली ओढतं, आणि त्याला अडवतं ते फक्त घर्षण. समज, घर्षणाचा गुणांक अर्धा धरला, तर पन्नास किलो टांगायला पंजानं एकूण शंभर किलोच्या जोरानं आवळावं लागतं. अंगठा एका बाजूनं, चार बोटं दुसऱ्या बाजूनं. म्हणून सळई जराही कलू द्यायची नाही. कलली की बोटांना खालून आधार मिळतो, वजन सोपं होतं, आणि तुला वाटतं ताकद वाढली. म्हणूनच तिला नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी पाडलेल्या खरखरीत रेघाही नसतात, गुळगुळीतच असते.

ट्यूब गुंडाळलीस म्हणजे घर्षण विकत आणलंस. पंजा होता तिथेच राहिला.

परदेशात हा प्रकार रीतसर खेळला जातो. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कोलंबियाचे बिल क्लार्क आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या, विसरलेल्या उचलींना पुन्हा नियमात बसवलं. ब्रिटनमध्येही तशी मंडळी आहेत. वजन जमिनीवरून सुटून स्थिर झालं पाहिजे आणि पंचाचा इशारा येईपर्यंत हलता कामा नये, हा त्यातला गाभा. मी माझ्या हातावर याच्यापुढचं शिकलो. वर नेताना शरीर फसवतं. पाय ढकलतात, पाठ ओढते, झटका बसतो. खाली आणताना फसवायला कुणी नसतं. तीन सेकंद वर धर, मग तीन सेकंद घेऊन असं ठेव की जमिनीवर टेकल्याचा आवाज येता कामा नये. ते जमलं तर वहीत लिही. सुटलं तर लिहू नकोस. कंसातही लिहू नकोस.

मला ही सळई १९९८ साली मिळाली. मिळाली म्हणजे एका ओळखीच्याने परदेशी मासिकाची चार पानं झेरॉक्स करून दिली, त्यात फोटो होता. मी तेव्हा शिरोलीला लेथवर होतो. रात्रपाळीत ब्राइट बारचा, म्हणजे गुळगुळीत पोलादी गजाचा तुकडा टर्न केला, वर्नियर लावून ५०.८ ला आणला, पॉलिश पेपर मारला, खाली आयबोल्ट, म्हणजे कडीचा बोल्ट, आणि वजन टांगायला साखळी. पहिल्या दिवशी चाळीस किलो जाग्यावरून हलले नाहीत. माझ्या मनगटाचा तालमीत दबदबा होता, पंजा लढवायला कुणी पुढे यायचं नाही, आणि इथे चाळीस किलो! त्या रात्री झोप लागली नाही.

चार वर्षांत पंचाहत्तरला आलो. मग घाई झाली. ऐंशी दिसायला लागले आणि मी ठेवणं सोडलं. उचलायचं, घसरू द्यायचं, पुन्हा उचलायचं. पावसाळ्याचे दिवस, सळईला घाम, हाताला कटिंग ऑइलचा वास. एका संध्याकाळी सळई घसरत असताना मी ती बोटांनी पुन्हा पकडायला गेलो, आणि अनामिकेत टक् असा आवाज आला. बोटाची दोरी हाडाला धरून ठेवणारी पट्टी फाटली होती. गिर्यारोहकांना होते ती इजा. तीन महिने चहाचा कपही डाव्या हातानं धरला. ते बोट आजही थंडीत पूर्ण मिटत नाही.

हे मी विसरलो असतो. दुसरं विसरलो नाही.

२०११ साली माझ्याकडे एक मुलगा यायचा, सतरा वर्षांचा. हात देवाने दिलेला. पासष्ट किलो त्यानं उचलले, पण ठेवताना शेवटच्या वितीला सुटले. मी पाहिलं. मला दिसलं होतं. तरी मी म्हणालो, "घाल अजून पाच." सत्तर किलो गुडघ्याच्या वरून सुटले आणि प्लेटची कड त्याच्या पायावर आली. दोन बोटांची हाडं मोडली. त्याचे वडील दारात आले. ते काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. मी चार वर्षं कुणाला सळईला हात लावू दिला नाही.

लोक म्हणाले, असले परदेशी प्रकार कशाला, जोर-बैठका काय वाईट होत्या. पोरा, चूक सळईची नव्हती. प्रकार परदेशी म्हणून पाय मोडला नाही. मला दिसलं होतं आणि मी बोललो नाही, म्हणून मोडला. हे मी तेव्हाही सांगितलं, कुणी ऐकलं नाही. मी सळई भंगारात टाकली नाही याबद्दल घरच्यांनीही बोल लावला. पण भंगारात टाकून काय झालं असतं? शिकलेलंच भंगारात गेलं असतं. पुढे २०१६ साली मी ८१ किलो ठेवले. उचलले नाही म्हणत, ठेवले म्हणतो. पंच नव्हता, व्हिडिओ नाही, समोर फक्त माझी बायको होती. कुणी मानत नाही. मला चालतं. नाही, अगदीच चालतं असं नाही. पण तो आकडा माझा आहे, कारण तो खाली जाताना आवाज झाला नाही.

तू विचारलंस, याला मेडल नाही, नोकरी नाही, मग करू का. याचं उत्तर मी देणार नाही. तुला करायचंच नसतं तर साठ किलोसाठी फरशी फोडली नसतीस. फक्त वयाची घाई करू नकोस. मार्क फेलिक्सचं नाव तू घेतलंस. ग्रेनाडात जन्मलेला, ब्रिटनमध्ये प्लास्टरचं काम करणारा माणूस. पन्नाशी उलटल्यावरही जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसांच्या स्पर्धेत उतरत होता. पंजा उशिरा पिकतो आणि उशिरापर्यंत टिकतो. तू वीस वर्षांचा आहेस.

आता कामाचं. आठवड्यात दोनच दिवस. प्रत्येक दिवशी पाच उचली, त्यापुढे एकही नाही. झटका मारायचा नाही. आधी आवळ, पूर्ण आवळ, मग पाय सरळ कर. दुसरा हात मांडीवर. सळई दोन्ही पायांच्या मध्ये. हात आधी साबणानं धू, सळई स्पिरिटनं पूस, मग मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, तीही थोडी. टाल्कम पावडर लावणारे मी पाहिलेत, तू लावू नकोस. अंगठ्याच्या बेचक्यातला घट्टा वाढू देऊ नकोस, आंघोळीच्या वेळी दगडानं घास; तो फाटला की पंधरा दिवस गेले. रोज रबरबँड बोटांभोवती घालून पंजा उघडायचा व्यायाम कर, नाहीतर कोपर दुखायला लागेल आणि तू मला पुन्हा पत्र लिहिशील. पाच-पाच किलोंनी वाढवू नकोस. सव्वा किलोची प्लेट नसेल तर कळव, अर्ध्या किलोच्या चकत्या मी कापून देतो. खाली जुनी गादी घाल. बोटं पुढे काढणाऱ्या चपला घालून उभा राहू नकोस, बूट घाल. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

आणि ती ट्यूब सोडवून टाक. पाइप ठेव, कधीतरी त्यावरही ये. पण वहीत त्याचं पान वेगळं, वर जाडी लिही.

तुझा आकडा साडेसत्तेचाळीसही नाही. तू लिहिलंस की ते 'बहुतेक वेळा' सुटतात. मग चाळीसपासून सुरू कर. ठेवता येतं का बघ. वाईट वाटेल, वाटू दे.

तुझ्यासाठी नवी सळई मी काल टर्न केली. ५०.८, चार ठिकाणी मोजली. चाळीस सेंटिमीटर लांब, भरीव, साडेसहा किलोच्या आसपास भरेल. ते वजन हिशेबात धर. कोल्हापूर स्टँडवरून एसटीच्या पार्सलनं पाठवतोय, पावती या पाकिटातच आहे. स्वारगेटला जाऊन घे. गोणपाटात बांधलीय, आत तेल लावलंय गंज नको म्हणून. वापरायच्या आधी ते पूर्ण काढ. आयबोल्टची नट प्रत्येक वेळी पान्यानं तपास, हातानं नको.

पहिल्या महिन्याची वही पाठव. आकडे बघायचे नाहीत मला, खोडलेलं काय आहे ते बघायचंय.

तुझा,
काका