कोण कोणाला लोळवेल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या घरी वडील जुन्या तालमीत घडलेले, मुलगा कराटे शिकतो आणि पुतणी तायक्वांदो. रविवारी सगळे एकत्र जेवायला बसले की एकच वाद रंगतो : हे तिघे समोरासमोर आले तर जिंकेल कोण? वडील म्हणतात, एकदा पट काढला, म्हणजे पाय धरून गडी पाडला, की बाकीचे सगळे हवेतले खेळ संपले. आपण निवाडा करावा.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : आपल्या वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु झुंज कोणाच्या नियमांनी खेळायची हे ठरल्याखेरीज निवाडा करता येत नाही, कारण प्रत्येक युद्धकलेला तिचे रूप लाभते ते तिच्यात काय करायचे नाही, यावरून. तायक्वांदोच्या स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही आणि डोक्यावर बसलेल्या लाथेला अधिक गुण मिळतात, म्हणून तेथील खेळाडूचा पाय कानाच्या उंचीपर्यंत लीलया जातो, हात मात्र पुष्कळदा खालीच राहतात. मुष्टियुद्धात लाथ नाही, पकड नाही आणि पट्ट्याखाली प्रहार नाही, त्यामुळे सारी बुद्धी मुठी, खांदे आणि पावलांच्या हालचालींत उतरते. आपल्या वडिलांचा लाडका पट फ्रीस्टाइल कुस्तीत हुकमी डाव आहे. तोच ग्रीको-रोमन कुस्तीत चालत नाही, कारण तेथे कमरेखाली धरता येत नाही, आणि आंतरराष्ट्रीय ज्युडोतही २०१३ पासून हाताने पाय पकडण्याबद्दल शिक्षा होते. सुमोत ४.५५ मीटर व्यासाच्या रिंगणाबाहेर पाऊल पडले किंवा तळपायाखेरीज शरीराचा कोणताही भाग जमिनीला टेकला की हार, शिवाय वजनगट नाहीत. साहजिकच देह अवाढव्य होत जातात, आणि एखाद्या लहानखुऱ्या मल्लाने चपळाईने बगल देऊन धिप्पाड गड्याला रिंगणाबाहेर काढले की प्रेक्षकांच्या आनंदाला पारावार उरत नाही.

आपल्या चिरंजीवांसाठी कराटेचे उदाहरण मुद्दाम देतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ७५ किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी आघाडीवर होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजझादेच्या डोक्यावर अशी बसली की तो शुद्ध हरपून कोसळला. प्रमाणाबाहेर जोर लावल्याबद्दल पंचांनी हमेदीला बाद केले आणि स्ट्रेचरवरून बाहेर नेलेला गंजझादे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. पाहणाऱ्याला हे विचित्र वाटते, पण त्या स्पर्धेत प्रहारावर ताबा ठेवणे हेच कौशल्य मानले जाते आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

दोन वेगळ्या कलांची गाठ घालून पाहण्याचा मोह जगालाही आवरला नव्हता. २६ जून १९७६ रोजी टोकियोत मुष्टियोद्धा मुहम्मद अली आणि जपानी मल्ल अंतोनिओ इनोकी यांची लढत झाली. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, अलीला ठोसा मारायला समोर कोणी उभेच नव्हते, आणि पंधरा फेऱ्यांनंतर सामना बरोबरीत सुटला. याउलट १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे जवळपास नियमांविना झालेल्या पहिल्या यूएफसी (अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप) स्पर्धेत ब्राझीलचा सडपातळ रॉइस ग्रेसी जिंकला, तो प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर नेऊन आणि शरण यायला लावून. आपल्या वडिलांना हे अवश्य सांगा, त्यांना आनंद होईल. तेव्हा माझा निवाडा असा : तांबड्या मातीत, चीतपटीच्या नियमाने आपले वडील, गुणफलक लावलेल्या मॅटवर, तायक्वांदोच्या नियमांनी आपली पुतणी, आणि कराटेच्या पंचांसमोर चिरंजीव.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मला तिला ज्युडोला घालायचे आहे, सासूबाई मल्लखांबाचा आग्रह धरतात. काय करावे?
– एक वाचिका, इंदिरानगर

उत्तर : दोन्हींपैकी काहीही निवडलेत तरी मुलीचे भलेच होईल, तरीही या वयासाठी माझा कल ज्युडोकडे आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही संस्था सुरू करून जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतून ज्युडो घडवला. त्यात दुसऱ्याला पाडण्याआधी स्वतः सुरक्षित पडायला शिकवतात : हनुवटी छातीशी, डोके अधांतरी, हाताचा फटका गादीवर. सायकलवरून घसरतानाही ही सवय कामी येते. सासूबाईंचा आग्रह मात्र नाशिककरांनी तरी हलक्यावारी घेऊ नये. मल्लखांब हा मुळात मल्लांच्या सरावाचा खांब असून त्याचे पुनरुज्जीवन पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी केले. हैदराबादकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आपल्या वणीच्या सप्तशृंगी गडावर आराधना केली, अशी आख्यायिका आहे. मुलीला घेऊन दोन्ही वर्ग पाहून या. गाद्या पुरेशा आहेत का आणि पडलेल्या मुलाशी शिक्षक कसे बोलतात, एवढे नीट पाहिलेत तर निर्णय सोपा होईल.

प्रश्न : सुमो मल्ल मीठ का उधळतात?
– एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : शिंतो परंपरेनुसार मिठाने जागा शुद्ध होते, म्हणून. हा मान साधारणपणे वरच्या दोन श्रेणींतील मल्लांनाच असतो.

प्रश्न : आमच्या भागात एका वर्गाने वर्षभरात ब्लॅक बेल्टची हमी दिली आहे. पूर्ण शुल्क आगाऊ मागतात. विश्वास ठेवावा का?
– एक पालक, सातपूर

उत्तर : ठेवू नये. पट्ट्यांची पद्धत कानो यांच्या ज्युडोत सुरू झाली, पुढे गिचिन फुनाकोशी यांनी ती कराटेत आणली. काळा पट्टा म्हणजे मूलभूत गोष्टी पक्क्या झाल्याची खूण. तेथून खरे शिक्षण सुरू होते आणि तेथपर्यंत पोहोचायलाही नियमित सराव करणाऱ्याला सहसा अनेक वर्षे लागतात. मुलाची तयारी पाहण्याआधीच जो मुदत सांगतो, तो पट्टा विकतो आहे, असे समजावे. शुल्क महिन्याचे महिन्याला घेणारा, परीक्षेसाठी घाई न करणारा आणि मुलाला अनुत्तीर्ण करण्याचे धैर्य असलेला शिक्षक शोधा, मग तो कराटेचा असो वा कुस्तीचा.