वाचकांचे प्रश्न : आईला हंपी दाखवायची आहे

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे, पंढरीची वारी कित्येक वर्षं केलीय तिने. आता म्हणते मला हंपीचा विठ्ठल बघायचाय आणि मारुतीचा जन्म झाला तो अंजनाद्री पण. सोलापूरहून कारने जाणार, दोन दिवस आहेत. गुडघे दुखतात तिचे. जमेल का?

उत्तर : जमेल ताई, नक्की जा. फक्त एक गोष्ट आईंना घरूनच सांगून ठेवा, की हंपीच्या विठ्ठल मंदिरात विठ्ठल नाहीये. गाभारा रिकामा आहे. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, तो दगडी रथ बघून हात जोडत आत गेले आणि समोर नुसता अंधार, फार गलबलून आलं हो. मग त्यांना भानुदासांची गोष्ट सांगा, नाथांचे पणजोबा, पैठणचे. कृष्णदेवरायाने पांडुरंग विजयनगरला, म्हणजे याच हंपीला नेला आणि भानुदासांनी तो परत पंढरपूरला आणला असं आपली वारकरी परंपरा सांगते. ही गोष्ट मनात ठेवून तिथे उभं राहिलं ना, की रिकामा गाभाराही वेगळाच वाटतो. आईंना तर जास्तच वाटेल.

गेटपासून विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीची गाडी असते त्यामुळे चालणं कमी. दर्शन हवं असेल तर विरुपाक्ष म्हणजे महादेवाचं मंदिर, तिथे आजही रोज पूजा होते. गाभाऱ्यामागच्या खोलीत भिंतीला छोटंसं भोक आहे, त्यातून समोरच्या गोपुराची सावली आत उलटी पडते, ती दाखवा.

अंजनाद्रीला पायऱ्या ५७५ आहेत, आईंना चढवू नका प्लीज. पायथ्याशी हात जोडा आणि गाडीने पंपा सरोवराला न्या. ते नदीपलीकडे, आनेगुंदीच्या बाजूला, आणि किष्किंधा म्हणतात ती तिकडचीच. दुसरा दिवस त्यालाच ठेवा, एका दिवसात दोन्ही काठ करायला गेलात तर नुसती धावपळ होईल.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर विठ्ठल मंदिर, कारण ऊन चढलं की ते दगड असे तापतात की बास. दुपारी कमलापूरचं म्युझियम (शुक्रवारी बंद असतं), मग हजारराम मंदिर, भिंतींवर अख्खं रामायण कोरलंय, जमीन सपाट आहे आणि आई एकेक प्रसंग स्वतःच ओळखतील बघा. संध्याकाळी लक्ष्मीनरसिंह, १५२८ सालचा, ६.७ मीटर उंच एकच दगड. मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली पण तिचा हात अजून त्याच्या पाठीवर आहे, बाजूने जाऊन नीट बघा, बोटं दिसतात. मी तिथून हललेच नाही किती वेळ.

रस्ता विजापूरवरून होस्पेट, साधारण ३०० किमी. मुक्काम होस्पेटलाच करा, हंपी तिथून १३ किमी. आणि जायचं ते डिसेंबर-जानेवारीत, एप्रिल-मेमध्ये आईंना अजिबात नेऊ नका.