सगळा इतिहास नेटवर असताना इतिहासात एम.ए. करण्यात काही अर्थ आहे का?

आहे. पण 'सगळा इतिहास नेटवर' हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं, 'पाव मिळत नसेल तर केक खा,' असं राणी मारी आंत्वानेत म्हणाली. खाली संदर्भ म्हणून एका वेबसाइटचा पत्ता. तो बघून आमच्या विभागप्रमुखांनी प्रोजेक्ट परत केला, 'पुस्तकातून लिहून आण.' तिने आणला. तेच वाक्य, आता छापील पुस्तकातलं. लगेच मंजूर!

मी स्टाफरूममध्ये भांडलो. वाक्य दोन्हीकडे चुकीचंच होतं ना? मग पुढचे दोन तास वर्गात एवढंच केलं, की हे आलं कुठून? मोबाइलवर माग काढत पोरं फ्रेंच विचारवंत रूसोच्या आत्मचरित्रापर्यंत पोचली. तिथे ते 'एका थोर राजकन्येच्या' तोंडी आहे, नाव दिलेलं नाही. शब्दही केक नव्हे, ब्रिऑश, म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव. तो भाग लिहिला गेला १७६५ च्या आसपास. राणीचा जन्म १७५५ चा, फ्रान्सला आली १७७० मध्ये. ही सनावळी त्याच मुलीने फळ्यावर मांडली.

विभागप्रमुख सरांचं म्हणणं, नेटने पोरं बिघडली. मला ते साफ नामंजूर आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ च्या अभ्यासात १० पीएच.डी. इतिहासकार, १० फॅक्ट-चेकर आणि २५ विद्यार्थ्यांना वेबसाइट तपासायला दिल्या. लोगो आणि भारदस्त नावांना इतिहासकारही भुलले. फॅक्ट-चेकर मात्र पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये त्या संस्थेची चौकशी करत होते. हे आपल्यालाच कुणी शिकवलं नाही, तर पोरांना काय बोल लावायचा?

आता तुमच्या 'सगळा'बद्दल. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातले १६७४ ते १९१३ चे खटले ऑनलाइन नीट शोधता येतात, कारण त्यातला जुना मजकूर माणसांनी दोनदा टाइप करून ताडून घेतलाय. नुसत्या स्कॅनवर भिस्त ठेवली तर जुन्या छपाईतला, 'एफ'सारखा दिसणारा लांब 'एस' मशीन 'एफ' वाचतं. शब्द कागदावर असतो, सर्चमध्ये येत नाही. आणि ढीगभर दफ्तरं अजून स्कॅनच झालेली नाहीत.

प्रवेशाआधी शिक्षकांना विचारा, संदर्भात वेबसाइट दिली तर चालते का? नुसतं 'नाही' म्हणाले तर दुसरं कॉलेज बघा. 'चालते, पण ती कशावरून सांगते ते दाखव,' म्हणाले तर तिथेच फॉर्म भरा. नोकरीचं मात्र वेगळं विचारा, ते गणित सोपं नाही.