‘हँडिक्राफ्ट लिहा’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका

चित्रं परदेशी प्रदर्शनाला पाठवण्याबद्दलच्या तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीवर थांबलो. ‘कुरिअरवाला म्हणतो हँडिक्राफ्ट लिहा, किंमत पाच हजार टाका, काही होत नाही. चालेल का?’ नाही चालणार. मलाही असंच सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं.

युरोपातल्या समकालीन कलासंग्रहालयाने पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी तुमची दोन चित्रं मागितली, याचा मनापासून आनंद आहे. क्युरेटरशी बोलणं, कॅटलॉगसाठी फोटो, करारावर सही वगैरे तुम्ही करालच, त्यात मी पडत नाही. मी सीए नाही, कस्टम एजंट तर अजिबात नाही. लाकडी ठशांवरून चित्रं छापणारा माणूस आहे. तेव्हा खालचं सगळं जाणकाराकडून एकदा तपासून घ्या. पण एक गोष्ट छातीठोक सांगतो: चित्र जाताना सहसा कुणी अडवत नाही. अडवतात ते परत येताना, आणि तेव्हा लागणारा कागद जातानाच करून ठेवावा लागतो.

२०१८ च्या डिसेंबरात माझी तीन कामं परदेशी गेली. मोठ्या कागदावरचे लाकूडठसे, वर काजळी आणि लाख. वाहतुकीचा खर्च संग्रहालयाचाच होता, पण त्यांनी नेमलेला माणूस यायला तीन आठवडे लागणार होते. मला घाई. गेलो घराजवळच्या कुरिअरकडे. काउंटरवरच्या मुलाने ज्ञान दिलं आणि मी इन्व्हॉइसवर लिहिलं: हँडिक्राफ्ट, नग ३, किंमत ५,००० रुपये. नाव नाही, माप नाही, फोटो नाही. पावती खिशात घालून वर चहा प्यायलो.

जुलैत कामं परत आली. आता कागद संग्रहालयाच्या रजिस्ट्रारबाईंनी (कलाकृतींच्या नोंदी आणि ने-आण बघणाऱ्या) केलेले, म्हणजे चोख. प्रत्येक कामाचं शीर्षक, साल, मापं, माध्यम आणि विम्याची किंमत. तिन्ही मिळून साडेचार लाख. सरकारी टेबलावरून हे कसं दिसत असेल बघा: या गृहस्थाने पाच हजारांची हस्तकला बाहेर पाठवली आणि सात महिन्यांनी साडेचार लाखांची चित्रं मागवली.

इथून गेलेली वस्तू मालकी न बदलता तीन वर्षांत परत आली तर आयात ड्युटी माफ होते. सबळ कारण असेल तर आणखी दोन वर्षांपर्यंत मुदतवाढही मिळते. माझ्या वेळी हे कस्टमच्या अधिसूचना ४५/२०१७ मध्ये होतं. आजचा क्रमांक एजंटाकडून घ्या. पण गेली तीच वस्तू आली, हे आपण दाखवायचं असतं. कस्टमच्या साहेबांनी विचारलं, ‘हीच ती तीन, कशावरून?’ मी म्हटलं, सही माझी आहे. ‘सही काय, आजही करता येईल.’ यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

राग आहे तो त्या कचेरीतल्या खिडक्यांवर. अकरा फेऱ्या मारल्या. दर फेरीला एकच नवा कागद सांगायचे. म्हटलं, काय काय लागेल ते एकदम लिहून द्या. तर म्हणे, ‘फाइल बघितल्याशिवाय कसं सांगणार?’ फाइल त्यांच्याच कोपराखाली होती. दरम्यान माझ्या एजंटाने फोन उचलणं बंद केलं. बाहेर जुलैचा पाऊस, आत गोदामात कागदाची कामं आणि रोजचं डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं. ४७ दिवस! शेवटी हात टेकले आणि ड्युटी भरली. तेव्हा चित्रांवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १२ टक्के होता (२२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झालाय, तेवढं तरी बरं), वर कस्टम, आणि डेमरेज या सगळ्याहून जास्त. स्वतःची चित्रं मी स्वतःच आयात केली म्हणा ना.

पेटी उघडली तर एक ठसा पापडासारखा लहरलेला, कडेला बुरशी. विमा? तो मालवाहू विमान उतरेपर्यंतचाच होता. करारात ते स्पष्ट छापलं होतं, मी वाचलं नव्हतं. तुमच्या भिंतीवरून चित्र निघाल्यापासून तुमच्याच भिंतीवर परत लागेपर्यंतचा विमा मागा. चांगली संग्रहालयं देतात, पण मागावा लागतो.

म्हणून माझं मत: क्युरेटर कितीही गोड असो, तुमचा खरा माणूस रजिस्ट्रार. त्यांना आजच मेल करा, त्यांचाच वाहतूकदार येऊ दे, उशीर झाला तरी. इथून रीतसर शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडे नोंदवायचा निर्यातीचा कागद, निघालं पाहिजे. त्यात दोन्ही चित्रांची नावं, मापं, माध्यम, साल आणि ‘प्रदर्शनासाठी, परत येणार’ हा शेरा. सोबत पुढून-मागून फोटो, मागची सही दिसेल असे. किंमत विम्याचीच लिहा. चित्रांवर निर्यात ड्युटी नाही, मग किंमत पाडून आपण वाचवतो काय?

कुणी तुम्हाला एटीए कार्नेट सुचवेल, म्हणजे वस्तू तात्पुरती परदेशी नेऊन ड्युटीशिवाय परत आणायचा कागद. फिक्की या उद्योगसंघटनेकडून मिळतं, काही ठिकाणी उत्तम आहे, पण मुदत एक वर्षाची. संग्रहालयाच्या ‘आगामी’ यादीतल्या तारखा म्हणजे लग्नाचे मुहूर्त नव्हेत, त्या हलतात. २०२२ चं कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन १२ डिसेंबरला उघडायचं होतं, उघडलं २३ ला. शिवाय प्रदर्शन दुसऱ्या गावी जाऊ शकतं. आपल्या चित्रकार गायतोंड्यांचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये ऑक्टोबर २०१४ मध्ये लागलं आणि वर्षभराने, ऑक्टोबर २०१५ मध्ये, व्हेनिसला. अशा फेरीत एक वर्षाचा कागद पुरणार कसा? प्रदर्शन फिरणार आहे का, हे आधी विचारा, मग ठरवा. तुमच्या जागी मी असतो तर कार्नेटच्या भानगडीत पडलो नसतो.

जाता जाता दोन गोष्टी. पेटी साध्या लाकडाची असेल तर ते लाकूड कीड मरावी म्हणून आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आणि तसा कणसाचा शिक्का मारलेलं लागतं. प्लायवुडला लागत नाही. आणि तुमच्या प्रोफाइलवर वाड्याच्या जुन्या दारावर रंगवलेलं काम दिसलं. ते या दोनांपैकी नाही ना? १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची वस्तू आपल्याला बाहेर नेता येत नाही. दार त्याहून नवं असेल तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावा, आणि त्याला वेळ लागतो. तुमचा रंग ताजा असला तरी साहेब दाराचं वय विचारणार.

कुरिअरवाल्याकडे पेटी अजून दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर आज संध्याकाळपर्यंत परत आणा, बुकिंगचे पैसे बुडाले तर बुडू देत. माझा २०१८ चा तो दिव्य इन्व्हॉइस आणि नंतर शहाणा होऊन केलेला दुसरा, दोन्हींचे फोटो नावं खोडून व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवतो. शेजारी ठेवून बघा.