३९१ दिसला म्हणून लगेच संयुग वेगळं करायला कॉलम भरू नका

ओलसर भिंतीवरच्या पेनिसिलियम बुरशीचा अर्क, कँडिडा या यीस्टवर झोन (म्हणजे त्याची वाढ थांबलेलं वर्तुळ), मास स्पेकमध्ये, म्हणजे रेणूंचं वजन दाखवणाऱ्या मशीनमध्ये, ३९१चा ठसठशीत पीक आणि "नवीन संयुग असेल का?" हा प्रश्न. तुमची पोस्ट वाचली आणि परळच्या लॅबमधला माझा जुना ओटा डोळ्यांसमोर आला.

ब्रॉथ (बुरशी वाढवायचं पातळ खाद्य) गाळणं, इथाइल अ‍ॅसिटेट या सॉल्व्हंटने तीनदा अर्क काढणं, रोटाव्हॅपवर सॉल्व्हंट उडवणं हे तुम्हाला येतंच. मला एकच विचारायचंय: बुरशी न टाकलेल्या कोऱ्या ब्रॉथचाही तसाच अर्क काढलात का?

मी काढला नव्हता. ३९१ बहुतेक वेळा डायइथाइलहेक्सिल थॅलेट निघतं, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला घालतात ते. प्लास्टिकच्या ट्यूब, नळ्या, झाकणं यांतून ते सॉल्व्हंटमध्ये उतरतं. सोबत ४१३ असेल तर ते त्याचंच सोडियमवालं रूप. २७९ दिसला तर डायब्युटाइल थॅलेटचा संशय घ्या. मी या पीकमागे आठ महिने घालवले, फेलोशिपच्या शेवटच्या वर्षातले.

ज्या उपकरण केंद्रात नमुने दिले त्याचं नाव घेत नाही. ऐन पावसाळ्यात पाच आठवडे बाटल्या तिथे टेबलावर पडून होत्या. कोरा सॉल्व्हंटही चालवा म्हटलं, तर "वेगळा फॉर्म, वेगळे पैसे". रिपोर्टवर ३९१ला गोल करून दिला, पण हा नेहमीचा भेसळीचा पीक आहे हे कुणी सांगितलं नाही. रोज तेच मशीन चालवणाऱ्यांनी ते सांगायलाच हवं होतं, अजूनही राग येतो. पण तो दुसरा फॉर्म मी भरायला हवा होता.

आणि झोन? अर्क लावलेल्या कागदाच्या डिस्क घाईत वाळवल्या होत्या. एक चिमट्यात धरून नाकाजवळ नेली तर नेलपॉलिशचा वास आला, म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट उडालंच नव्हतं. नुसत्या सॉल्व्हंटच्या डिस्कनेही तसाच झोन दिला.

माझं मत, आणि मी रसायनवाली नाही हे धरून वाचा: थॅलेटला "बुरशीपासून मिळालेलं बुरशीनाशक" म्हणणारे पेपर कोरा अर्क दाखवत नसतील तर बाजूला ठेवा.

जाता जाता, फक्त कँडिडावर तपासू नका. १९३९ साली पेनिसिलियममधूनच मिळालेलं ग्रिसिओफुल्विन हे बुरशीनाशक गजकर्णाच्या बुरशांवर चालतं, कँडिडावर नाही. त्याचा पीक ३५३ला, आणि क्लोरीनमुळे ३५५ला साधारण एक तृतीयांश उंचीचा जोडीदार.

आता सगळं काचेत करा, सॉल्व्हंट डिस्टिल करून घ्या, कोरा अर्क आधी पाठवा. त्याचा रिपोर्ट आला की इथे टाका, मी बघते.