पॅरलॅक्स स्क्रोलिंगला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा: गेममध्ये पात्र धावू लागले की जवळची झाडे भरभर मागे जातात आणि लांबचे डोंगर रेंगाळतात. या 'पॅरलॅक्स स्क्रोलिंग'ला 'समांतर सरकणे' म्हटले तर चालेल का?

नाही. 'पॅरलॅक्स' आणि 'पॅरलल' एकाच ग्रीक गोतावळ्यातले, पण पॅरलॅक्सचा मूळ अर्थ बदल, फरक. समांतर तर चित्राचे सगळेच थर (झाडांचा एक, डोंगरांचा दुसरा) सरकतात. गंमत वेगातल्या फरकाची आहे.

खगोलशास्त्रात 'पराशय' आहे, ग्रहणगणितात त्याहून जुना 'लंबन'. पण तिथे कोन मोजायचा असतो. इथे वेग नेमून द्यायचा असतो, म्हणून 'पराशय' मला जड वाटतो. एसटीच्या खिडकीतून खांब मागे पळतात आणि डोंगर सोबत येतो, तेवढाच भास हवा. 'सरकता जिना' आपल्या तोंडी आहेच, त्याच चालीवर 'सरकते थर' म्हणावे. 'सरकते पडदे' नको. पडदा म्हटले की स्क्रीनच डोळ्यांपुढे येते.

हिशेब सोपा आहे. कॅमेरा, म्हणजे खेळाडूला दिसणारी चौकट, 100 पिक्सेल गेला आणि डोंगरांचा गुणक (कॅमेऱ्याच्या तुलनेतला वेग) 0.25 असला, तर डोंगर 25 सरकतात. स्टेज 3200 रुंद, स्क्रीन 320, म्हणजे कॅमेऱ्याची धाव 2880, डोंगरांची 720. चित्र 720 अधिक 320, म्हणजे 1040 रुंद हवे, नाहीतर शेवटी कोरी कड उघडी पडते. दर फ्रेमला पाव-पाव पिक्सेल पूर्णांकात मोडून बेरीज करत गेलात तर थर जागचा हलत नाही किंवा भलतीकडे भरकटतो. जागा दर वेळी कॅमेऱ्यावरूनच काढावी.

मात्र एकाच नावाखाली वेगळ्या युक्त्याही खपतात. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलला सरकणारे थर दोनच, पण थराची प्रत्येक आडवी ओळ वेगळी सरकवता येते. त्यावरच्या 1991 च्या 'सॉनिक' या गेममध्ये पहिल्याच स्टेजचे ढग, डोंगर आणि पाणी एकाच थरात असूनही आपापल्या वेगाने जातात. इथे 'सरकत्या ओळी' म्हणा. सुळका ढगांच्या पट्ट्यात घुसला की त्याचे टोक धडापासून तुटून निघते, म्हणून चित्रकार पट्ट्यांच्या सीमा मोकळ्या ठेवतात.

निन्टेंडोच्या एनईएस या कन्सोलला पार्श्वभूमीचा थर एकच. तिथे 8×8 पिक्सेलच्या फरशीची (टाइल, म्हणजे पार्श्वभूमी जोडायचा चौकोनी तुकडा) आठ चित्रे करतात, प्रत्येक एका पिक्सेलने पुढे ढकललेले. थर डावीकडे 2 पिक्सेल गेला की चित्र उजवीकडे 1 ढकललेले लावायचे. डोळ्याला नक्षी 1 च पिक्सेल डावीकडे गेलेली दिसते. नक्षी दर आठ पिक्सेलला तीच येते, त्यामुळे विटा, जाळी असलेच काही जमते, डोंगररांग नाही. यात दुसरा थर नाहीच, तेव्हा 'सरकते थर' म्हणणे चूक. 'बदलत्या फरश्या' म्हणावे.