कास्पारोव १९ चालींत हरला, तरी कारो-कान बचाव खेळावा का?

खेळावा. कारो-कान म्हणजे पांढऱ्याच्या ई४ ला काळ्याने सी६ ने उत्तर देणारी बुद्धिबळातली सुरुवात. ११ मे १९९७ चा न्यूयॉर्कमधला, डीप ब्लू या संगणकाविरुद्धचा तो डाव पुढे करून ‘कारो-कान मोडीत निघाला’ म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय. बचाव हरला नाही, चालींचा क्रम हरला.

काळ्याच्या सातव्या चालीआधीचा पट मांडा (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ; नुसतं ‘एच६’ म्हणजे त्या घरावर प्याद्याची चाल). काळ्याचे घोडे डी७ आणि एफ६ वर, प्यादं ई६ वर. डीप ब्लूचे घोडे जी५ आणि एफ३ वर, उंट डी३ वर. इथे कास्पारोवने एच६ खेळून घोड्याला हुसकलं. घोडा मागे गेलाच नाही, त्याने ई६ चं प्यादं मारलं; पुढे एफ७ च्या प्याद्याने तो घोडा खाल्ला. एच७ चं प्यादं जी६ वर पहारा देत होतं, ते पुढे सरकल्यावर तिथे उंटाचा शह बसला आणि राजा डी८ वर अडकला. वजीर ई७ वर, म्हणून एफ८ चा उंटही कोंडलेला. शेवटी सोंगट्यांचे गुण मोजलेत तर काळा एका गुणाने पुढेच निघतो! पण राजा सी८ वर उघडा आणि पांढऱ्याच्या सी४ ने सी ची उभी पट्टी फुटणार. तिथेच कास्पारोवने डाव सोडला.

योग्य क्रम असा: सातवी चाल उंट डी६. आता ई६ वर घोडा दिला तर जी६ चा शह एच प्याद्यानेच खाता येतो. पांढरा वजीर ई२ वर आला, की मग एच६. आता शह बसला तरी राजाला ई७ मोकळं. घोडा ई४ वर येतो, घोड्याने घोडा मारायचा, वजीर तो परत मारतो. या क्षणी सवयीने कॅसलिंग (राजा-हत्ती एकाच चालीत हलवून राजा कोपऱ्याकडे नेणं) केलंत तर वजीर एच७ वर, थेट मात. वजीर सी७ वर न्या, घाई करू नका.

गंमत म्हणजे चौथ्या चालीला उंट एफ५ वर काढलात तर तोच एच६ पुढे अत्यावश्यक ठरतो: घोडा जी३, उंट जी६, पांढऱ्याचं एच४, आणि एच६ नसेल तर एच५ ने उंट मेला. ‘एच६ वाईट’ असं घोकणाऱ्यांनी हे एकदा पटावर लावून बघावं. ‘भित्र्यांचा डाव’ म्हणणाऱ्यांनीही.

बाकी, समोरचा तिसऱ्याच चालीला ई५ ढकलत असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, तो वेगळा अभ्यास आहे.